महिला आशियाई चषक: पाच संघांच्या ‘ब’ गटात जागा एकच होती, ती भारताला कशी मिळाली?

५ जुलै २०२५. थायलंडमधल्या चियांग माई शहरातलं मैदान. भारत आणि थायलंड या दोन महिला फुटबॉल संघांमधला सामना १-१ असा बरोबरीत होता. ७४व्या मिनिटाला संगीता बासफोरने भारतासाठी दुसरा गोल केला आणि पुढची सोळा मिनिटं आणि भरपाई वेळ भारताने ही आघाडी टिकवली.

सामना २-१ असा जिंकून भारत २०२६ च्या महिला आशियाई चषकासाठी पात्र ठरला. पात्रता फेरी खेळून, ती जिंकून भारतीय महिला संघ या स्पर्धेत पोहोचण्याची ही पहिलीच वेळ होती.

महाराष्ट्रातल्या वाचकांना या निकालामागची आणखी एक गोष्ट आठवेल. याआधीचा आशियाई चषक जानेवारी २०२२ मध्ये नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाला होता. तेव्हा भारत यजमान होता, त्यामुळे जागा आपोआप मिळाली होती. पण एकही सामना न हरता भारताला त्या स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं.

हा पात्रता गट नेमका काय होता? त्यात एकच जागा का होती? १३-० सारखे निकाल कशासाठी महत्त्वाचे असतात? आणि २०२२ मध्ये नक्की काय घडलं होतं? हे सगळं समजून घेऊ.

‘ब’ गट एका नजरेत

- स्पर्धा: महिला आशियाई चषक २०२६ ची पात्रता फेरी
- ठिकाण: चियांग माई, थायलंड
- कालावधी: २३ जून ते ५ जुलै २०२५
- संघ: थायलंड (यजमान), भारत, मंगोलिया, तिमोर-लेस्ते, इराक
- एकूण सामने: १०, प्रत्येक संघाला ४
- पात्र ठरणारे संघ: फक्त १

भारताचे निकाल असे होते:

- २३ जून: मंगोलियावर १३-० ने विजय
- २९ जून: तिमोर-लेस्तेवर ४-० ने विजय
- २ जुलै: इराकवर ५-० ने विजय
- ५ जुलै: थायलंडवर २-१ ने विजय

म्हणजे चार सामने, चार विजय, १२ गुण. भारताने २४ गोल केले आणि फक्त एक स्वीकारला.

पात्रता गट म्हणजे काय?

येडशी, धाराशिव, लातूर या पट्ट्यात मुलींचा मैदानी खेळाशी पहिला संबंध बहुधा खो-खो किंवा कबड्डीमुळे येतो. भारताच्या खो-खो संघाची कर्णधार राहिलेली, अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे धाराशिवचीच. त्या स्पर्धा पाहिलेल्यांना ‘साखळी’ आणि ‘बाद’ हे दोन शब्द नवे नाहीत. साखळीत गटातला प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी खेळतो. बाद फेरीत हरला तो घरी जातो.

फुटबॉलचा पात्रता गट ही साखळीच असते. जिंकल्यास ३ गुण, बरोबरी झाल्यास १, हरल्यास शून्य. फरक इतकाच की हे सामने मुख्य स्पर्धेचे नसतात, मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळवण्याचे असतात.

२०२६ च्या महिला आशियाई चषकात एकूण १२ संघांना जागा होती. त्यातल्या चार आधीच भरलेल्या होत्या. ऑस्ट्रेलियाला यजमान म्हणून आणि चीन, दक्षिण कोरिया, जपान या तिघांना २०२२ मधल्या कामगिरीमुळे थेट प्रवेश होता. उरलेल्या आठ जागांसाठी ३४ संघ पात्रता फेरीत उतरले.

या ३४ संघांचे आठ गट करण्यात आले. सहा गटांत चार-चार संघ आणि दोन गटांत पाच-पाच. आठ गट आणि आठ जागा, त्यामुळे हिशोब सरळ होता. प्रत्येक गटातला पहिला संघ आत, बाकी सगळे बाहेर. दुसऱ्या क्रमांकासाठी काहीही नाही. सर्वोत्तम उपविजेत्याची सवलत नाही, पुढची संधी देणारी प्ले-ऑफ नाही.

पाच संघांचा गट असल्यामुळे ‘ब’ गटात दर फेरीला एका संघाला विश्रांती मिळायची. भारताची विश्रांती २६ जूनला होती.

कागदावर कोण वरचढ होतं?

या गटात खरी शर्यत दोन संघांचीच आहे, हे सोडत निघाली तेव्हापासून दिसत होतं. मंगोलिया, तिमोर-लेस्ते आणि इराक हे महिला फुटबॉलमध्ये अजून पायाभरणी करणारे देश आहेत. थायलंडची गोष्ट वेगळी होती.

त्या वेळी फिफा क्रमवारीत थायलंड ४६व्या आणि भारत ७०व्या स्थानावर होता. थायलंडच्या मुलींनी २०१५ आणि २०१९ अशा दोन विश्वचषकांत भाग घेतलेला होता. भारत अजून एकाही वरिष्ठ महिला विश्वचषकात खेळलेला नाही. शिवाय सामने थायलंडमध्येच होते.

इतिहासातही या दोघांची एक मोठी गाठ पडलेली होती. १९८३ च्या महिला आशियाई स्पर्धेची अंतिम लढत थायलंड आणि भारत यांच्यात, थायलंडमध्येच झाली होती आणि ती थायलंडने जिंकली होती. आज अनेकांना आश्चर्य वाटेल, पण त्या काळात भारत आशियातल्या आघाडीच्या संघांपैकी होता. १९७९ च्या आवृत्तीत, केरळमधल्या कोझिकोडला झालेल्या स्पर्धेतही भारत उपविजेता होता. त्या वेळी विजेता ठरला होता चायनीज तैपेई, म्हणजे तैवानचा संघ. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

२०२२: घरच्या मैदानावर काय झालं होतं?

२००३ नंतर भारताला आशियाई चषकात जागा मिळाली ती थेट २०२२ मध्ये, आणि तीही यजमान म्हणून. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, मुंबईतलं अंधेरीचं क्रीडासंकुल आणि पुण्यातलं बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल अशा तिन्ही मैदानांवर सामने ठरले. म्हणजे आशियातली सर्वांत मोठी महिला फुटबॉल स्पर्धा संपूर्णपणे महाराष्ट्रात होती.

भारताच्या गटात चीन, चायनीज तैपेई आणि इराण होते. २० जानेवारी २०२२ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताचा पहिला सामना इराणशी झाला. तो ०-० असा सुटला. इराणच्या संघाचा हा पहिलाच आशियाई चषक होता.

तीन दिवसांनी, २३ जानेवारीला, चायनीज तैपेईशी सामना होता. हा सामना भारताला गटातून पुढे नेणारा ठरू शकत होता. पण तेव्हा देशात कोविडची ओमिक्रॉन लाट होती. कडक निर्बंधांत राहूनही भारतीय संघातल्या डझनभर खेळाडूंच्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या. काही खेळाडू दुखापतग्रस्त होत्या. मैदानात उतरवायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत.

आशियाई फुटबॉल महासंघाने कोविडकाळासाठी खास नियम केले होते. त्यानुसार सामन्यासाठी किमान १३ खेळाडू उपलब्ध असणं आवश्यक होतं. तेवढ्या नसतील तर सामना पुढे ढकलला जाणार नव्हता. त्या संघाने स्पर्धेतून माघार घेतली असं मानलं जाणार होतं.

तसंच झालं. तैपेईविरुद्धचा सामना झाला नाही. भारताने स्पर्धेतून माघार घेतल्याचं जाहीर करण्यात आलं आणि इराणशी झालेली ०-० बरोबरीही रद्द ठरवण्यात आली. अधिकृत नोंदीत भारताच्या नावापुढे एकही सामना राहिला नाही. चीनविरुद्धचा तिसरा सामना तर प्रश्नच नव्हता.

स्पर्धा मात्र महाराष्ट्रात सुरूच राहिली. ६ फेब्रुवारीला डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामना झाला. त्यात ०-२ ने मागे पडलेल्या चीनने दक्षिण कोरियाला ३-२ असं हरवलं आणि चषक जिंकला. यजमान संघ तेव्हा कधीच घरी गेलेला होता.

हे नुकसान केवळ एका स्पर्धेपुरतं नव्हतं. आशियाई चषक हीच २०२३ च्या महिला विश्वचषकाची पात्रता स्पर्धाही होती. त्यामुळे विश्वचषकाचा रस्ताही त्याच दिवशी बंद झाला.

मग पात्रता फेरीतून याआधी का जमलं नाही?

यजमानपद पुन्हा पुन्हा मिळत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी भारतासमोर एकच मार्ग होता, पात्रता गट जिंकण्याचा. आणि या मार्गावरचा भारताचा अनुभव फारसा चांगला नव्हता.

२०१८ च्या आशियाई चषकाची पात्रता फेरी भारत एप्रिल २०१७ मध्ये उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांग इथे खेळला. दक्षिण कोरियाकडून ०-१०, उत्तर कोरियाकडून ०-८ आणि उझबेकिस्तानकडून १-७ अशा पराभवांनंतर भारताने हाँगकाँगला २-० ने हरवलं. एका गटात दोन्ही कोरिया, आणि जागा एकच.

२०२३ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत भारत दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचला. ताश्कंदमध्ये झालेल्या त्या गटात जपानने ७-०, व्हिएतनामने ३-१ आणि उझबेकिस्तानने ३-० असं हरवलं. तिन्ही सामने गेले.

म्हणून २०२५ मधला ‘ब’ गट ही संधीही होती आणि परीक्षाही. जपान किंवा कोरियासारखा संघ गटात नव्हता. पण वरच्या क्रमांकाचा यजमान संघ होता, आणि त्याला मागे टाकल्याशिवाय काहीही मिळणार नव्हतं.

१३ गोल कशासाठी?

२३ जूनला भारताने मंगोलियाला १३-० असं हरवलं. ओडिशाच्या प्यारी खाखाने एकटीने पाच गोल केले. सोशल मीडियावर असे आकडे आले की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काहींना आनंद होतो, तर काहींना वाटतं, सामना जिंकलेलाच आहे तर समोरच्या संघाला इतकं का हरवायचं?

असाच वाद २०१९ च्या विश्वचषकात झाला होता. तेव्हा अमेरिकेने थायलंडलाच १३-० ने हरवलं होतं आणि शेवटच्या गोलांपर्यंत जल्लोष केल्याबद्दल अमेरिकी खेळाडूंवर टीका झाली होती. त्या टीकेला एक साधं उत्तर आहे, गोलफरक.

क्रिकेट पाहणाऱ्यांना आयपीएलमधला ‘नेट रन रेट’ माहीत असतो. दोन संघांचे गुण समान असले की कोण वर हे तो ठरवतो. फुटबॉलमध्ये हेच काम गोलफरक करतो. केलेल्या गोलांमधून स्वीकारलेले गोल वजा करायचे, उरतो तो गोलफरक.

आशियाई महासंघाच्या नियमांत मात्र एक पायरी आधी येते. गुण समान असतील तर साधारण या क्रमाने पाहिलं जातं:

- त्या दोन संघांच्या आपसातल्या सामन्यात कोण जिंकलं?
- तो सामना बरोबरीत असेल तर गटातल्या सगळ्या सामन्यांचा गोलफरक कोणाचा जास्त?
- तोही सारखा असेल तर एकूण गोल कोणी जास्त केले?
- तेही सारखे असतील आणि हेच दोन संघ शेवटच्या फेरीत एकमेकांशी खेळत असतील, तर थेट पेनल्टी शूटआउट.

गोलफरकाने काय होऊ शकतं, याचं उदाहरण प्योंगयांगच्या त्याच २०१७ च्या गटात मिळतं. उत्तर आणि दक्षिण कोरिया यांच्यातला सामना १-१ असा बरोबरीत सुटला. दोघांनीही बाकीचे सगळे सामने जिंकले, त्यामुळे दोघांचे गुण समान झाले. मग गोलफरक पाहिला गेला. दक्षिण कोरियाचा होता २० आणि उत्तर कोरियाचा १७. या तीनच्या फरकातले दोन गोल भारताविरुद्धच्या सामन्यांतले होते. दक्षिण कोरियाने भारतावर दहा केले होते, उत्तर कोरियाने आठ. घरच्या मैदानावर एकही सामना न हरता उत्तर कोरिया आशियाई चषकातून बाहेर गेला आणि त्याच्यासोबत २०१९ च्या विश्वचषकाची संधीही गेली.

थोडक्यात, ज्या सामन्याचा निकाल ठरलेला असतो, त्यातला अकरावा-बारावा गोलही कधीकधी दुसऱ्याच सामन्याचा निकाल ठरवतो.

शेवटच्या दिवसाआधीचा तक्ता

मंगोलियानंतर भारताने तिमोर-लेस्तेला ४-० ने हरवलं. मनीषा कल्याणने दोन, तर अंजू तमांग आणि लिंडा कोम सेर्तो यांनी प्रत्येकी एक गोल केला. इराकविरुद्धच्या ५-० विजयात पाच वेगवेगळ्या खेळाडूंनी गोल केले: संगीता बासफोर, मनीषा कल्याण, कार्तिका अंगमुथू, निर्मला देवी आणि रतनबाला देवी.

दुसरीकडे थायलंडही थांबला नव्हता. मंगोलियावर ११-०, इराकवर ७-० आणि तिमोर-लेस्तेवर ४-० असे त्यांचे विजय होते.

आता बेरीज करून पाहा. भारताचे १३, ४ आणि ५ मिळून २२. थायलंडचे ११, ७ आणि ४ मिळून २२. दोघांनीही एकही गोल स्वीकारलेला नव्हता. दोघांचे ९ गुण. तीन-तीन सामन्यांनंतर दोन्ही संघांचा हिशोब शेवटच्या आकड्यापर्यंत सारखा होता.

त्यामुळे ५ जुलैचा साखळी सामना प्रत्यक्षात अंतिम सामना झाला. जो जिंकेल तो ऑस्ट्रेलियाला. बरोबरी झाली असती तर वरच्या यादीतल्या सगळ्या पायऱ्यांवर दोघं समान राहिले असते आणि निर्णय पेनल्टीवर गेला असता.

इथेच त्या १३ गोलांचं महत्त्व कळतं. समजा भारताने मंगोलियाविरुद्ध बारावरच समाधान मानलं असतं. मग भारताचा गोलफरक २१ राहिला असता आणि थायलंडचा २२. त्या स्थितीत थायलंडला जिंकण्याची गरजच उरली नसती, बरोबरी पुरली असती. घरच्या मैदानावर, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, बचाव भक्कम ठेवून नव्वद मिनिटं काढायची एवढंच काम राहिलं असतं. एका गोलाने ती सोय थायलंडकडून काढून घेतली.

हे फक्त कागदावरचं गणित नव्हतं. असाच प्रसंग याच पात्रता फेरीत दुसऱ्या गटात आला. उझबेकिस्तान आणि नेपाळ यांच्यातला शेवटचा सामना ३-३ असा बरोबरीत सुटला आणि जागा कोणाची हे पेनल्टी शूटआउटवर ठरलं. नेपाळ तिथे हरला. एकही सामना नव्वद मिनिटांत न गमावता त्यांचा प्रवास संपला.

५ जुलै: संगीता बासफोरचे दोन गोल

संगीता बासफोर ही पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची मध्यरक्षक. २९व्या मिनिटाला तिने भारताला १-० अशी आघाडी मिळवून दिली. मध्यंतरापर्यंत ती टिकली.

उत्तरार्ध सुरू होताच, ४७व्या मिनिटाला, थायलंडच्या चाचावान रोडथाँगने बरोबरी साधली. संपूर्ण पात्रता फेरीत भारताने स्वीकारलेला हा एकमेव गोल. आता दडपण भारतावर होतं.

त्यानंतरचा अर्धा तास सामना कोणत्याही बाजूला झुकू शकत होता. ७४व्या मिनिटाला पुन्हा संगीता बासफोरच गोल करून गेली. गोलरक्षक पंथोई चानू आणि कर्णधार स्वीटी देवी यांच्या बचावफळीने शेवटपर्यंत थायलंडला दुसरी संधी साधू दिली नाही.

संघाचे प्रशिक्षक होते क्रिस्पिन छेत्री. ओडिशा एफसीला २०२३-२४ च्या इंडियन वुमन्स लीगचं विजेतेपद मिळवून दिल्यानंतर ते राष्ट्रीय संघाकडे आले होते. स्वीटी देवी, मनीषा कल्याण, प्यारी खाखा, ग्रेस डांगमेई, अंजू तमांग यांच्यासारख्या काही जणी २०२२ च्या नवी मुंबईतल्या संघातही होत्या. तेव्हा नोंदीतून पुसला गेलेला प्रवास त्यांनी आता पहिल्यापासून खेळून मिळवला.

थायलंडचं काय झालं, हेही पाहण्यासारखं आहे. चारपैकी तीन सामने जिंकले, २३ गोल केले, फक्त दोन स्वीकारले. तरीही स्पर्धेबाहेर. ‘गटातून एकच संघ’ या नियमाचा अर्थ असा होतो.

शेजाऱ्यांचीही कमाई

दक्षिण आशियासाठी ही पात्रता फेरी एरवीपेक्षा चांगली गेली. बांगलादेशने २ जुलैला यांगूनमध्ये यजमान म्यानमारला २-१ ने हरवलं. ऋतुपर्णा चकमाने दोन्ही गोल केले आणि बांगलादेश इतिहासात प्रथमच महिला आशियाई चषकासाठी पात्र ठरला. नेपाळ तर पेनल्टीपर्यंत जाऊन थोडक्यात हुकला.

या निकालानंतर ऑगस्ट २०२५ च्या फिफा क्रमवारीत भारत ७० वरून ६३व्या स्थानावर गेला. त्याच महिन्यात भारताच्या २० वर्षांखालील मुलींनी यांगूनमध्ये म्यानमारला १-० ने हरवून आपल्या वयोगटाच्या आशियाई चषकात जागा मिळवली. ती तब्बल वीस वर्षांनी मिळालेली होती. ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील संघाने बिश्केकमध्ये उझबेकिस्तानला २-१ ने हरवत तेच केलं. एकाच वर्षात भारताचे तीनही महिला संघ पात्रता गट जिंकून आशियाई पातळीवर पोहोचले. यांपैकी एकही जागा यजमान म्हणून मिळालेली नव्हती.

पात्र ठरल्यावर पुढे काय?

२०२६ चा महिला आशियाई चषक १ ते २१ मार्च या काळात ऑस्ट्रेलियातल्या सिडनी, पर्थ आणि गोल्ड कोस्ट या शहरांत ठरला. १२ संघांचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन संघ आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या तीन संघांपैकी दोन सर्वोत्तम संघ उपांत्यपूर्व फेरीत. म्हणजे इथे पात्रता गटासारखा ‘पहिला किंवा काहीच नाही’ असा हिशोब नाही. तिसरा क्रमांकही पुरेसा ठरू शकतो.

ही स्पर्धा २०२७ मध्ये ब्राझीलमध्ये होणाऱ्या महिला विश्वचषकाचीही पात्रता स्पर्धा आहे. उपांत्य फेरी गाठणारे चार संघ थेट विश्वचषकात जातात. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चार संघांना आणखी एक सामना मिळतो आणि त्यातले दोन विजेते विश्वचषक गाठतात. उरलेल्या दोघांनाही आंतरखंडीय प्ले-ऑफमधून शेवटची संधी असते. म्हणून चियांग माईतल्या त्या एका जागेची किंमत एका स्पर्धेच्या तिकिटापेक्षा मोठी होती. जिने २०२२ मध्ये दार बंद केलं, तीच वाट तिने पुन्हा उघडली.

मुख्य स्पर्धेची सोडत २९ जुलै २०२५ ला सिडनीत निघाली. भारत ‘क’ गटात आला. सोबत जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. यातल्या जपान आणि व्हिएतनामने २०२३ मध्ये ताश्कंदला भारताला हरवलं होतं. वेळापत्रकात ४ मार्चला व्हिएतनाम, ७ मार्चला जपान आणि १० मार्चला चायनीज तैपेई असा क्रम लागला.

यातला तिसरा प्रतिस्पर्धी महाराष्ट्रातल्या वाचकांच्या लक्षात राहण्यासारखा आहे. २३ जानेवारी २०२२ ला नवी मुंबईत भारताचा जो सामना होऊ शकला नाही, तो याच संघाशी होता. चार वर्षांनी आशियाई चषकाच्या वेळापत्रकात भारत विरुद्ध चायनीज तैपेई ही ओळ पुन्हा आली. पहिल्या वेळी ती यजमानपदामुळे आली होती. दुसऱ्या वेळी ती येण्यासाठी चार सामने आणि चोवीस गोल लागले.